‘वीन’चे दोन अर्थ

बाई, काल मुलीचा फोन आला. बाळाचं अंगावरचं दूध तोडतेय, रात्रभर रडतं, म्हणाली. मला एकदम आमची सिल्वासातली डोकमर्डीची खोली आठवली आणि दारात उभ्या असलेल्या तुम्ही.

मी सातवीत होते. आईला राखोलीच्या सुताच्या कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं होतं आणि धाकटा भाऊ अजून अंगावर पीत होता. त्याला सांभाळायला म्हणून माझी शाळा बुडत होती. तुम्ही इंग्रजी शिकवायचात. गैरहजर मुलींच्या घरी जायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आई ओशाळली. “काय करू बाई, याचं दूध तोडून राहिली मी. कडुलिंब वाटून लावला तरी ऐकत नाही.” तुम्ही खाली बसता, त्याला मांडीवर घेता, आपल्या डब्यातला दहीभात बोटाने चारता. तो थुंकतो, रडतो, मग एक घास गिळतो. “दूध तोडण्याला इंग्रजीत वीन म्हणतात,” तुम्ही मला सांगता. “पुढे फ्रॉम आलं तर कशापासून तरी तोडणं. ऑन आलं तर उलटं, लहानपणापासून कशावर तरी पोसलं जाणं. गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलालाही हाच शब्द.”

आईला ते पटलं नाही. “तोडणं आन् पोसणं एकच कसं?”

तुम्ही भावाचं तोंड पुसलंत. मग म्हणालात, “नोकरीसाठी सिल्वासाला आले तेव्हा माझा मुलगा वर्षाचाही नव्हता, त्याला कोकणात सासूबाईंजवळ ठेवून आले. तुम्ही संध्याकाळी तरी याला जवळ घ्याल.” आई उठली. तिने चहा टाकला आणि घरात होतं तेवढं सगळं दूध त्यात घातलं.

शेजारच्या गुजराती बेनने भावाला दिवसा सांभाळायचं तुम्हीच ठरवून दिलंत. तो हळूहळू रुळला, आई कामावर गेली, मी शाळेत आले. शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवून घ्यायचात, नवे शब्द सांगायचात, डब्यातलं अर्धं मला द्यायचात. पुढे मीही इंग्रजीच शिकवत आले.

तुम्ही गेल्याचं कळवताना एका वर्गमैत्रिणीने मला तुमच्या मुलाचा पत्ता दिलाय. हे पत्र त्याला पाठवावं असं मनात आलं होतं. नाही पाठवणार. शाळा सुटल्यावर आपण थांबायचो तेव्हा तुम्ही त्याचा विषय काढलात, की मी घाईघाईने पुढचा शब्द विचारायचे. त्याच्या आठवणीने तुम्ही गावी निघून जाल, अशी मला भीती वाटायची.