डाव्या चाकाचं माप

४ जानेवारी १९९८, रविवार

स्कूटर दारात उभी आहे आणि मी खुर्चीत बसून तिच्याकडे बघते आहे! बिनगियरची, निळी. मागे दोन जादा चाकं बसेपर्यंत हात लावायचा नाही – सीमाची ताकीद. बहिणीची मुलगी, पण थाट सासूचा.

तीस वर्षं पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते, इंजिनिअरांची ड्रॉइंग शाईने गिरवायचे. रोज रिक्षा, आणि रिक्षावाला म्हणेल ती वेळ. निवृत्त झाले तर सीमा नागापूरला कामावर जाताना सोडेल तिथे जायचं, नेईल तेव्हा परत यायचं. पोलिओने डावा पाय नेला, त्याची तक्रार नाही. पण उरलेल्या बाईला सामानासारखं इकडून तिकडे किती दिवस न्यायचं?

चाकांच्या दांड्या सीमाच्याच कारखान्यात होणार. ड्रॉइंगही तिचंच – कॉम्प्युटरवर.

९ जानेवारी, शुक्रवार

‘उजवी दांडी झाली, मावशी. डावी एका क्लिकमध्ये.’ एका क्लिकमध्ये! मला आवडलं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

दांड्या बसवायला कारखान्यात गेलो. उजवी चपखल बसली. डावीही बसली – पण किक दाबली की दांडीवर आदळते! मी किक मारू शकत नाही हे खरं, पण वाटेत बॅटरी बसली तर ज्याला हाक मारीन त्याला तरी मारता यायला नको? सीमा म्हणाली, ‘किक लक्षातच नाही आली. आरशात धरल्यासारखी उलटी केली, झालं.’

वेल्डर आसाराम म्हणतो, ‘बाई, दोनी बाजू सारख्याच असत्यात की! बैल बघा.’

‘बैलाला एका बाजूला किक असते का रे?’

काल संक्रांतीला घरी येऊन हाच तिळगूळ देऊन गोड बोला म्हणाला होता. एक दिवससुद्धा जमलं नाही मला. तो पोट धरून हसला. सीमा नाही हसली.

१७ जानेवारी, शनिवार

सीमाच्या शेजारी बसून ते कॉम्प्युटरचं प्रकरण पाहिलं. खोटं कशाला बोलू – देखणं आहे. चित्र आकड्यांवर उभं असतं. लांबी बदलली की दांडी आपोआप लांबते, भोकंसुद्धा सरकतात. आम्ही असल्या बदलासाठी ब्लेडने शाई खरवडायचो.

मग म्हटलं, आता डावी तेवढी चार बोटं मागे वाकव. ‘नाही होत. डावीला स्वतःची मापंच नाहीत. उजवीला वाकवलं तर ती वाकेल.’ उजवीला वाकवलं. तर ती सायलेन्सरला भिडली!

‘दोघींची गाठ तोडता येत नाही?’

‘येते. पण मग डावी नुसता ठोकळा राहते. एक आकडा बदलता येत नाही. पहिल्यापासून काढावी लागेल.’

आमच्याकडेही हे होतंच. कालव्याच्या दाराची एकच बाजू काढायची आणि खाली लिहायचं : एक दाखवल्याप्रमाणे, एक उलट हाताची. मीच शेकडो वेळा लिहिलं असेल, सुबक अक्षरात. उलट हाताच्या बाजूला काय आडवं येतं, ते कधी विचारलं नाही. आता मीच उलट हाताची झाले तेव्हा राग येतोय!

१८ जानेवारी, रविवार

बन्सीच्या धान्याच्या दुकानात गेलो. माझीच कल्पना. स्कूटरचं एक जादा चाक काट्यावर, दुसरं तेवढ्याच उंचीच्या पाटावर, वर मी. सीमाने हँडल धरलं. गिऱ्हाइकं साखर विसरून बघत होती.

‘बाई, हलू नका, काटा थरथरतोय!’

‘श्वास घेऊ का, बन्सीशेठ?’

‘बेतानं घ्या.’

उजवीकडे एकोणतीस किलो, डावीकडे सतरा. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ओरडायच्या – सरळ बस! माझं सरळ बसणं म्हणजे उजवीकडे कलणं, हे त्यांना कधी पटवता आलं नाही. आज कागदावर लिहून मिळालं. दोन्हीकडे सारखीच स्प्रिंग घातली असती तर पहिल्याच वळणावर मी गटारात.

सीमाने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

२१ जानेवारी, बुधवार

‘डावी वेगळी काढते,’ म्हणाली. ‘आठ-दहा दिवस जातील.’ तोंड एवढंसं. मी म्हटलं, आठ दिवसांत कुठे आग लागणार आहे? हल्लीच्या मुलींना दमच नाही! जेवून परत कॉम्प्युटरवर बसायला गेली, हेही खरं.

२७ जानेवारी, मंगळवार

मेथीची भाजी करपली. डावीचं ड्रॉइंग झालं.

३१ जानेवारी, शनिवार

बसली! डावी दांडी आता उजवीसारखी दिसत नाही. कोपरातून मागे वळते, किकला वाट देते. तिची स्प्रिंगही नरम आहे. आसाराम म्हणाला, ‘जोडा इजोड दिसतोय, पन गाडी लई सरळ उभी ऱ्हाते.’

सकाळी मैदानात बारा फेऱ्या. सीमा शेजारून पळत होती, मग थकून बसली. संध्याकाळी एकटी चितळे रोडला गेले. कोथिंबीर घेतली. घरी आले. आणि काहीही नको असताना पुन्हा गेले! कोणाला सांगितलं नाही, कोणाला विचारलं नाही. दुसऱ्या वेळी नुसती कडेला उभी राहून माणसं बघितली. साठाव्या वर्षी.

१ फेब्रुवारी, रविवार

सीमाला पुण्याला नोकरी लागली आहे. पत्र डिसेंबरातच आलं होतं. ‘तू एकटी बाहेर पडायला लागल्याशिवाय जाणार नव्हते, मावशी.’ रुजू व्हायची तारीख तिने दोनदा पुढे ढकलून घेतली. दुसऱ्यांदा डाव्या दांडीसाठी.

उद्या सकाळी सातची एसटी. माळीवाडा स्टँडवर मी सोडणार. बॅग मांडीवर धर आणि मागे गप्प बस, म्हटलं.