उत्तरपूजा राहिली

२६ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. उम्म अल कुवैन

पोचलो एकदाचा. लेक पर्णिका आणि नात इरा सोडायला आल्या होत्या. शारजात, अल नहदामधल्या त्यांच्या फ्लॅटच्या सोफ्यावर झोपून माझी पाठ कंटाळली होती आणि मला बघून तो सोफाही. इथे खाडीकाठच्या व्हिलात मला अख्खी खोली आहे, खिडकीतून तिवरं दिसतात आणि काम तर जिव्हाळ्याचं. मालकीण एमान दुबईत राहते. तिच्या वारलेल्या वडिलांनी जमवलेली जुनी रिव्हॉल्व्हरं ओळखून द्यायची. सगळी परवान्याची, सगळ्यांच्या फायरिंग पिना काढलेल्या, म्हणजे आता पेपरवेटइतकीच धोक्याची. पुण्याच्या शस्त्र-कारखान्यात तपासनीस म्हणून जन्म घालवला, पण असा खजिना एका छताखाली पाहिला नव्हता. चंद्रहासराव, मजा आहे बुवा तुमची.

२८ सप्टेंबर

लष्करी रिव्हॉल्व्हर ओळखायला सोपं. मुठीच्या बुडाला दोरी अडकवायची कडी, अंगावर सरकारी बाणाचा शिक्का. मुलकी मात्र नखरेल: आखूड नळी, शिंपल्याची मूठ, खिशात अडकू नये म्हणून घोड्याचं, म्हणजे गोळीवर आपटणाऱ्या हातोडीचं, टोक कापलेलं. पण सगळ्यांत जास्त बोलते ती लाकडी मूठ. वर्षानुवर्षं एकाच हातात राहिली की ती त्या हाताचा साचा घेते.

एक मात्र अडलं आहे. कडी आहे, पण शिक्का नाही. नंबर कोणीतरी कानशीने घासून टाकलाय. मूठ कुणा आडदांड, उजव्या हाताच्या माणसाची. माझ्या डावखुऱ्या हातात ते बसतच नाही. त्याला ‘अनामिक’ म्हणून बाजूला ठेवलं.

राखणदार दत्ताराम मालवणकडचा, पण बोलायला महाग. पर्णिकाला फोन केला. ती मीटिंगमध्ये होती.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

कारखान्यात आज आम्ही लेथ मशीनलासुद्धा हार घालायचो. इथे एवढी शस्त्रं हाताशी असून दिवस कोरडा कसा घालवणार? दत्तारामने शारजाहून झेंडू आणून दिला. ताम्हन नव्हतं म्हणून स्टीलच्या ताटात तांदूळ पसरले आणि वर अनामिक ठेवलं. गोळ्यांच्या चक्रातलं जे घर घोड्याखाली होतं, त्याला कुंकवाचं बोट लावलं. आवाहनाचे मंत्र अर्धेच आठवले, मग सरळ मराठीत म्हणालो, या, बसा, तुमचं नाव कळत नाही, पण घर आपलंच समजा. समोर खुर्चीही ओढली. वात्रटपणाच सगळा. पण कितीतरी दिवसांनी कोणाशी तरी बोलल्यासारखं वाटलं.

२ ऑक्टोबर, दसरा

पर्णिका येणार होती. मी साखरभात केला, लवंगासुद्धा टाकल्या. ती ट्रॅफिकमध्ये अडकली आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरली. इरा फोनवर म्हणाली, नेक्स्ट टाइम, आजोबा. फार वाईट वाटलं. पर्णिकाची आई, कमलिनी, असती तर तिने मला दोन शब्द ऐकवून हसवलं असतं. तिला जाऊन आता चार वर्षं होतील.

आज उत्तरपूजा करायची, अक्षता टाकून निरोप द्यायचा आणि मग ताट हलवायचं. मन होईना. राहू दे, तेवढीच सोबत. साखरभाताची एक वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि जेवलो.

३ ऑक्टोबर

सकाळी कुंकवाचं घर घोड्याखाली नव्हतं. चक्र एक घर पुढे सरकलं होतं. समोरची खुर्चीही मागे ओढलेली, कोणी जेवून उठावं तशी. दत्तारामवर डाफरलो. तो ताट बघून उंबऱ्यातच थांबला.

“साहेब, उत्तरपूजा केलात मा?”

नाही म्हणालो. तो खालच्या आवाजात म्हणाला की बोलावलेल्याला निरोप दिला नाही, तर तो घरचाच होऊन बसतो. दुपारी तो भावाकडे शारजाला निघून गेला. माझ्याकडे बघितलंही नाही.

४ ऑक्टोबर

कुंकू आणखी पुढे. पर्णिकाचा स्वतःहून फोन आला, किती आनंदात होती. म्हणाली, बाबा, काल किती छान बोललात, आईच्या आठवणी काढल्यात, इराला गोष्ट सांगितलीत, असे कधीच बोलत नाही तुम्ही.

मी काल फोन केला नव्हता.

सांगायला हवं होतं. पण तिचा आवाज इतका मऊ झाला होता की मी नुसता हो म्हणालो. मग बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत बसलो. मला भीतीपेक्षा हेवा जास्त वाटला.

५ ऑक्टोबर

मूठ बदलली आहे. झीज आता दुसऱ्या बाजूला. कारखान्यात माझ्या डाव्या अंगठ्याचा शेंडा गेला होता. लाकडात बरोबर तेवढाच, आखूड अंगठ्याचा खळगा. हातात घेतलं, तर मापाने केल्यासारखं बसलं. तपासनीस म्हणून विचाराल तर हे रिव्हॉल्व्हर माझं आहे. वर्षानुवर्षं माझंच.

खुर्चीत कोणी खोकलं. मी खोकतो तसं.

पर्णिकाचा मेसेज आला, उद्या इराला घेऊन येते आहे. नको म्हणायला फोन केला. ती हसली. आत्ताच तर या म्हणालात, बाबा. हट्टच धरलात.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

कुंकू फिरून घोड्याजवळ आलं. एकच घर उरलंय. त्या दोघी निघाल्या आहेत. पर्णिका फोन उचलत नाही, गाडी चालवत असणार. त्या यायच्या आत निरोप द्यायचा. माझं काय व्हायचं ते होवो, इरा इथे यायच्या आत—

दुपार

तांदूळ घेतले. म्हणालो, आलात, बरं वाटलं, आता निघा. अक्षता टाकल्या. त्या ताटात पडल्या नाहीत. त्याने झेलल्या.

खुर्चीत माझा सदरा. माझा चष्मा. डावा हात, आखूड अंगठा—

तो हसून म्हणाला, आलात, बरं वाटलं. माझ्याच आवाजात. आणि मूठ उघडली. तांदूळ माझ्या डोक्यावर, खांद्यावर, या पानावर—

निरोप माझाच—

बोटं गार. लोखंडासारखी. पेन धरवत—

टक्. कुंकू घोड्याखाली.

गाडी. बेल. इराचा आवाज, आजोबा, ओपन द डोअर. तो उठला. आलो गं बाळा, म्हणतोय. माझ्यापेक्षा गोड म्हणतोय. इरा, तो मी नाही, त्याच्याजवळ जाऊ नकोस, मी इथे आहे, ताटात, मला उच—