हात लाव

कामोठे, रविवार

ती. रणजीतदादास धाकट्या धनाजीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

फोनवर तू "बरंय" म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहितोय. इथं सगळं ठीक आहे. मनाच्या डॉक्टरांनी माझ्या गोळ्या कमी केल्यात, झोपही लागते. आईला सांग, टेन्शन नको.

मी सुधारलेला बघून मुकादमानं मला मार्केटात, जेवणाच्या सुट्टीत, माथाडी मंडळींसमोर बोलायला उभं केलं. मी म्हटलं, "गोणी पाठीवर घेताना शेजारच्याला 'हात लाव' म्हणायला आपण लाजत नाही. मग जीव घाबरा झाला की गप का बसतो?" कुणी हसलं नाही. आता चहाच्या निमित्तानं कुणी ना कुणी मला बाजूला घेतं, मग मी सोबत दवाखान्यात जातो. तेजश्री चिडवते, नवऱ्यानं नवी टोळी काढली म्हणून.

दादा, वहिनी सांगत होती, तू रानात जात नाहीस, ताट तसंच सारतोस. लोक म्हणतील, गडीमाणसाला काय धाड भरलीय. म्हणू देत.

शनिवारी येतोय. साताऱ्याला डॉक्टरांकडं दोघं मिळून जाऊ. तू "हात लाव" म्हणायची वाट मी बघणार नाही.

तुझाच,
धना