काशीसाठी पाच किलो

सोमवार, ५ जानेवारी
डॉक्टर म्हणाला, काका, या गुडघ्यांवर काशीचा घाट उतरायचा तर महाशिवरात्रीच्या आत पाच किलो कमी करा, नाहीतर काशी विसरा. परवाचं पोर, मला सांगतंय! दाक्षायणी लग्नापासून म्हणतेय, जोडीनं गंगेत बुडी मारू. तिकिटंसुद्धा काढलीत तिनं. मारूच बुडी. आजपासून सोमवार ते शुक्रवार डाएट, शनिवार-रविवार मोकळीक. एवढी सोपी युक्ती डॉक्टरला सुचली नाही. शिकून काय उपयोग?

बुधवार, ७ जानेवारी
दुधीचं सूप. हे शोधणाऱ्यानं जन्मात एक कविता वाचली नसणार. शेजारचा अनिलकुमार मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजत फिरतो. वर एवढं निळं आभाळ, आणि हा आकडे बघतो. अरसिक लेकाचा.

शनिवार, १० जानेवारी
मोडनिंबला मेहुण्याच्या शेतात हुरडा. निखाऱ्यात भाजलेली कणसं, तळहातावर चोळलेले कोवळे दाणे, शेंगाचटणी, गूळ, दही. समोर डोलणारी ज्वारी. शाळेत शिवाराची कविता मी म्हणायला लागलो की मास्तर डोळे मिटून घ्यायचे. दाक्षायणी आधी कानडीत, मग मराठीत म्हणाली, साकु री, बास करा आता. तिला समजावलं, हुरडा म्हणजे ज्वारी, ज्वारी म्हणजे मिलेट, त्यात हिरवा, म्हणजे सॅलडच. मेहुणा म्हणाला, दाजी, मग पिशवीभर बांधून देतो की, आठवडाभर सॅलडच खावा. उपहास कळतो मला.
पिशवी आणली.

मंगळवार, १३ जानेवारी
भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. वाराची अडचण होती. पण सण मंगळवारी आला यात माझा काय दोष? या आठवड्याचा शनिवार आज धरला. उद्या संक्रांत, म्हणजे रविवार.

शुक्रवार, १६ जानेवारी
सिद्धेश्वरांच्या यात्रेत भजी. जत्रेत सूप पिणारा माणूस मला दाखवा. अनिलकुमार भेटला. म्हणाला, काका, लई तब्येतीत दिसताय की. मत्सर, दुसरं काय.

सोमवार, ९ फेब्रुवारी
वजन दोन किलो वाढलं. काटा बिघडलाय, डॉक्टरला तोंडावर सांगितलं. तो स्वतः काट्यावर चढला आणि म्हणाला, माझं बरोबर दाखवतो. डॉक्टरच तो, काट्याच्याच बाजूनं बोलणार. काशीला स्पष्ट नाही म्हणाला.
दाक्षायणीनं घरी आल्यावर बहिणीला, अक्कम्माला, फोन केला. माझं तिकीट रद्द, अक्कम्माचं काढलं. मी म्हणालो, पुढच्या वर्षी जाऊ की जोडीनं. ती म्हणाली, तुमी बसा तुमच्या शनिवारासंगं, मी निघाले.
बायकांना धीर कसला तो नाहीच.

रविवार, १५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
दुपारी काशीहून फोन. दाक्षायणीचा. म्हणाली, पहाटे बुडी मारली, तुमच्या नावानं पण एक मारली. मी विचारलं, तिथली कचोरी लई चांगली म्हणतात, खाल्लीस का? गरम देतात का?
ती मग म्हणाली, आज उपवास आहे माझा. तुमी जेवा.
तिनं फोन ठेवला.
गंगा कशी दिसते, ते विचारायचं राहिलंच.