एकोणीस जानेवारीचं पान

३ जानेवारी

रेडिओवाल्या एकताचा फोन आला. ती रोज सकाळी दहाला 'आज का दिन' लावते — कोणत्या तारखेला कोणतं गाणं निघालं, कोण गाणारा जन्मला, कोण गेला. म्हणे, "अंकल, आपके पास तो पूरा रजिस्टर है ना? उन्नीस जनवरी को आप ही बोलिए." हिला कुणी सांगितलं! बायकोने, चंपाने, दुसरं कोण.

रजिस्टर आहे खरं. फॅक्टरीतून रिटायर झालो तेव्हापासून तेच करून राहिलो. जबलपूरच्या आपल्या भीमगीतांच्या पार्ट्या, कार्यक्रम, कॅसेटी — तारखेतारखेचं एकेक पान. १९ जानेवारी १९८९ ला आमच्या रांझीच्या पार्टीची कॅसेट नागपूरला रेकॉर्ड झाली. कव्हरवर चौघांची नावं. शाहीर भाऊराव, ढोलक तुळशीराम, बँजो विनय, आणि पेटीवर मी.

हो म्हटलं. बायको म्हणाली, छाती फुगली बरं!

५ जानेवारी

रेडिओसाठी पान नीट लिहायला घेतलं. कोण कधी गेलं तेही पाहिजे, म्हणून पुण्यानुमोदनाच्या जुन्या पत्रिका काढल्या. तिघांच्या तीन.

भाऊराव — १९ जानेवारी २००९.
तुळशीराम — १९ जानेवारी २०१७.
विनय — १९ जानेवारी २०२२.

तीनदा वाचलं. चश्मा पुसून परत वाचलं. चौघांतले तिघं त्याच तारखेला गेले. उरलो मी.

६ जानेवारी

योगायोग आहे. दुसरं काय असणार! बावीस प्रतिज्ञा म्हणणारा माणूस मी, तारखेला भिऊन राहिलो. छप्पन साली माझे बाबा पायी निघून नागपूरला दीक्षेला गेले होते. आज असते तर कानाखाली जाळ काढला असता.

नाडी ८८.

८ जानेवारी

चंपाला सांगितलं. मटार सोलत होती, सोलता सोलता हसली. "थंडीत म्हातारे मानसं मरतेतच. अन् तुमाले मरायचंच असन तर मंगळवारी मरा. सोमवारी मले गोधड्या धुवायच्या हायेत." इथे जीव चालला आणि हिला गोधड्या!

मग तीच मला ओढत दवाखान्यात घेऊन गेली. ईसीजी साफ. डॉक्टर म्हणे, "दादा, आप तो घोड़े हो." घोडे काय मरत नाहीत? येताना बीपीचं मशीन घेऊन आलो.

११ जानेवारी

बीपी १५०/९०. नाडी ९२.

विहारात वंदनेला गेलो. विनयची बायको भेटली. सहज विचारतो असं दाखवून विचारलं, शेवटी काय झालं होतं. "काहीच नाही भाऊजी. चहा मागितला. मी कप घेऊन येईपर्यंत मान टाकली."

चहा बंद.

१३ जानेवारी

एकता घरी आली. कुणाकडून तरी कॅसेट मिळवून मोबाईलवर उतरवली आहे तिने. चौथं गाणं लावलं. त्यात बाईचा आवाज आहे. आवाज कसला — सगळं गाणंच त्याच्यावर उभं आहे, आम्ही चौघं नुसते मागे मागे. पोरगी डोळे मिटून ऐकत होती. "अंकल, ये कौन हैं? कवर पे इनका नाम नहीं है."

"घर की ही थी कोई," मी म्हटलं. "कोरस में."

चंपा पोहे घेऊन दारात उभी होती. बशा ठेवल्या आणि आत गेली.

भाऊराव तेव्हा म्हणाले होते, वहिनीचं नाव टाकू. मीच नको म्हटलं. फॅक्टरीत लोक बोलले असते — पेटीवाल्याची बायको गाणं म्हणते! सदतीस वर्षं झाली त्याला. तिनेही कधी विषय काढला नाही. आता काहून उकरायचं?

१५ जानेवारी

प्रितमला पुण्याला फोन केला. पोराला मराठी समजते, पण बोलतो हिंदीच. "पापा, आप ये सब मानते हो?" मी म्हटलं, मानत नाही रे बाबा, भीतो! हसला. वीसला येतो म्हणे. एकोणीसला ये म्हटलं तर "छुट्टी नहीं है."

वीसला येऊन काय करशील?

१६ जानेवारी

नाडी ९६, ९४, ९७. जिना उतरलो नाही. बाहेर धुकं, समोरचं पाण्याचं टाकंही दिसत नाही.

१७ जानेवारी

एकताला कळवलं, तब्येत बरी नाही, येत नाही.

चंपा ऐकत होती. म्हणाली, "मग मी जाऊ का? मले येते नं सारं सांगता. गानं बी येते."

"तू गेली तर मी त्या दिवशी घरात एकटा? काही झालं तर?"

"दोन घंट्याचं तर काम हाये."

"विनयला दोन मिनिटं लागली!"

मग म्हणाली, "अच्छा, राहू द्या." बरं झालं, जास्त ताणलं नाही.

१८ जानेवारी

उद्या. सगळा बंदोबस्त केला. आंघोळ नाही — बाथरूममध्ये घसरून किती माणसं गेली. जड खाणं नाही. खाट खिडकीजवळून काढून आतल्या भिंतीला लावायला सांगितली, खिडकीतून गार वारा येतो. लोखंडी खाट, चंपाने एकटीने सरकवली. मी कसा हात लावणार? माझी नाडी १००.

जीव घाबरा घाबरा होऊन राहिला. भीती वाटते, खरंच वाटते. प्रितमचं लग्न पाहायचं आहे मला.

१९ जानेवारी

सकाळी ७. आहे. नाडी १०२.

१०.२०. खाटेवरूनच रेडिओ ऐकला. एकताने तारीख सांगितली, चौघांची नावं घेतली. मग ते चौथं गाणं. "यह आवाज़ किसकी है, हमें नहीं मालूम. आपमें से कोई जानता हो तो फ़ोन करें." स्वयंपाकघरात चंपा सोबत गात होती. अजूनही सूर जागेवर आहे तिचा! पण मी ओरडलो, "हळू! मी नाडी मोजून राहिलो." थांबली.

दुपारी २. आहे.

४. चंपा जरा पडते म्हणून आतल्या खोलीत गेली. गोधड्या नाही धुतल्या आज. मी म्हटलं, दार उघडं ठेव, आवाज दिला तर ऐकू आला पाहिजे.

६. दिवस बुडाला. नाडी ८४! चंपा अजून झोपलीच आहे. झोपू दे. आठ दिवसांनी स्वतःच्या हाताने चहा केला, आलं टाकून. प्यालो. काही झालं नाही. वाचलो बहुतेक! किती मूर्ख माणूस मी. उद्या एकताची माफी मागतो. आता चंपाला उठवतो, तिलाही कपभर चहा देतो.

२१ जानेवारी

काल नेलं चंपाला. डॉक्टर म्हणाले, दुपारी चार-पाचच्या दरम्यान झटका आला असावा.

एकताला फोन करून सांगितलं, तो आवाज चंपाचा होता. पोरगी रडली.

मग ही वही मागून पुढे वाचली. माझी नाडी पानापानावर आहे. चंपा चार दिवसांपासून डावा हात दुखते म्हणून राहिली होती. ते मी एकदाही लिहिलं नाही.