तुमचं आखडलेलं बोट

सुनीलच्या बाबांना,

चौथीपर्यंत शिकलेय, चुका काढत बसू नका. तुम्ही गेलात, आणि काल तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जे कानावर आलं, ते पोरांशी बोलायची सोय नाही. म्हणतील, आई, आता काय त्याचं? म्हणून तुम्हालाच लिहितेय.

वंदना झाली, लोक तुमच्याबद्दल बोलले. मग उल्हासनगरची एक सिंधी बाई उभी राहिली. रेश्मा नाव, तिशीची असेल. सरांनी नऊ वर्षं दर रविवारी मला इलेक्ट्रिक गिटारवर राग शिकवले, म्हणाली. मी शेजारणीला विचारलं, ही कुणाच्या सरांबद्दल बोलते?

रविवारी तुम्ही पेन्शनवाल्यांच्या मीटिंगला जात होतात ना? डबा मीच बांधून देत होते.

पुढं म्हणाली, सर तार दाबून अशी बाजूला खेचायचे की गिटार गाते आहे असं वाटायचं. आणि ते सगळं करंगळीशेजारच्या बोटानं!

डाव्या हाताचं तेच बोट कारखान्यात मशीनमध्ये सापडलं होतं. आखडलं, आता वाजवणं संपलं, असं सांगून तुम्ही गिटार मित्राला देऊन टाकलीत. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्याला कोमट तेल चोळलं. मयताला जाऊन आले तरी आंघोळ करून आधी तुमचं बोट. ते बरं कधी झालं? माझ्या तेलानंच झालं का? आणि मला सोडून ते उल्हासनगरात यमन वाजवत होतं?

चहाच्या वेळी मी रेश्माला गाठलं. तिनं बोटांवरचे घट्टे दाखवले. सरांनी बजावलेलं, बोटांना तेल लावायचं नाही, मऊ बोटाला तार कापते. मग हळूच म्हणाली, "आंटी, सर की खुद की उंगली हर हफ्ते छिल जाती थी. पूछो तो हँसते थे."

मग मला एकदा सांगायला काय झालं होतं? गुमान हात पुढं करून बसायचात. मी कातडी मऊ करायची, तुम्ही ती तारेवर सोलून घ्यायची. हा कसला संसार?

कारण मला ठाऊक आहे. अंबरनाथच्या चाळीत एकदा तुम्ही जयंतीच्या ऑर्केस्ट्रातून आलात आणि त्या गिटारवर संथ राग धरलात. बायका हसल्या, मीही हसले. म्हणाले, दारात मांजर अडकल्यासारखं काय वाजवताय? हसले, कबूल. वीस वर्षांची होते. भांडायचं होतंत. दोन दिवस जेवला नसतात तरी चाललं असतं. पण जन्मभर तोंड मिटून बसायचं?

परक्या पोरीला नऊ वर्षं ऐकवलंत. मला एक रविवार नाही.

मित्राला दिली म्हणालात ती गिटार तिच्याकडेच आहे. ठेवू का, विचारत होती. ठेव म्हणाले, पण येत्या रविवारी ती आणि स्पीकर घेऊन बदलापूरला आमच्या घरी ये, आणि सरांनी शिकवलं ते माझ्यासमोर बसून वाजव.

तुम्हाला शब्द देते, मी मधे उठणार नाही, हसणार नाही, शेवटपर्यंत ऐकेन. आणि आवडलं, तर तुम्हाला सांगणार नाही.

शेवंता