मोजणी कधी करता?

१ ऑगस्ट २००६, मंगळवार

आज पुन्हा! जेवणाची सुट्टी संपली की आमचा डेटाबेस पेंगायला लागतो. गेटवर मालाचे ट्रक उभे आणि चलन निघेना. राजगोपाल सर — फॅक्टरी मॅनेजर — सगळ्यांसमोर म्हणाले, "नीलम, सोमवारपर्यंत. नाहीतर जुनी सिस्टिम परत, अँड यू गो बॅक टु पुणे."

परत? आत्ता कुठे चेन्नईजवळच्या या गावाचं नाव, इरुंगाट्टुकोट्टै, नीट म्हणता यायला लागलंय मला!

पण सकाळी धावतो आणि दुपारीच का झोपतो? भीतीपेक्षा कुतूहलच जास्त वाटतंय. डोकं फिरलंय बहुतेक.

३ ऑगस्ट

सॉफ्टवेअर कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. पुन्हा तोच गुरुमूर्ती. "रीस्टार्ट पण्णि पारुंग, मॅडम." बंद करून चालू करून बघा! मेला पोपट!

५ ऑगस्ट, शनिवार

चेन्नईत अड्यारला हा डेटाबेस वापरणाऱ्यांचा ग्रुप भरतो म्हणे, म्हणून गेले. दारात चपलांबरोबर गळ्यातलं आयकार्डही काढून ठेवायचं! ग्रुप चालवणारे व्यंकोजीराव हसत म्हणाले, "कंपनी बाहेर. आत फक्त अडचण." बँकवाले, रेल्वेवाले, सगळे एकमेकांच्या भानगडीत नाक खुपसत होते. काय मजा आली!

मीही माझं रडगाणं गायले. मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, मोजणी कधी करता?"

आवाज ओळखीचा. गुरुमूर्ती!

मग उलगडत गेलं. कुठल्या तक्त्यात किती नोंदी आहेत ते डेटाबेस मोजून ठेवतो आणि त्यावरून शोधायचा रस्ता ठरवतो. पहाटेची मोजणी होतीच. जास्त मोजलं तर बरं, म्हणून मी हौसेने दुपारचीही लावली — जेवणाच्या सुट्टीत. आणि नेमकं तेव्हाच आम्ही तोवरच्या सगळ्या नोंदी दुसरीकडे हलवून तक्ता रिकामा करतो! म्हणजे पुढे नव्या नोंदी भरल्या तरी तो बिचारा दुपारभर तक्ता रिकामाच समजून चुकीचा रस्ता धरतो. कसलं भारी!

"फोनवर का नाही विचारलंत हे?"

"फोनवर लिहून दिलेलंच बोलायचं, अम्मा. जास्त बोललो तर नोकरी जाईल. इथे येतो तेही ऑफिसात ठाऊक नाही."

आणि मी त्यांना पोपट म्हणाले.

७ ऑगस्ट, सोमवार

दुपारची मोजणी काढून टाकली. धडाधड चलनं! ट्रक गेले! नवी सिस्टिम राहणार, मीही राहणार. राजगोपाल सरांनी स्वतः फिल्टर कॉफी, इथली 'कापी', आणून दिली. "हू टोल्ड यू?" मी आनंदात सगळं सांगून टाकलं — अड्यार, ग्रुप, हेल्पलाइनचे गुरुमूर्ती.

९ ऑगस्ट

सर मनाचे मोठे. आज मला केबिनमध्ये बोलावलं आणि माझ्यासमोरच हेल्पलाइनच्या साहेबांना फोन लावला. गुरुमूर्तींची तोंड भरून स्तुती. शनिवारीसुद्धा लोकांना मदत करतो, असा माणूस मिळत नाही, वगैरे. मी हातवारे करत राहिले. त्यांना वाटलं मी आणखी कौतुक करायला सांगतेय.

शनिवारी अड्यारला गुरुमूर्तींना गाठायलाच हवं.

१२ ऑगस्ट, शनिवार

अड्यारला गेले. गुरुमूर्ती आले नव्हते.

१४ ऑगस्ट

हेल्पलाइनला फोन केला. काहीही अडलेलं नसताना. कुणी नवीन मुलगी बोलली. गुरुमूर्ती आहेत का विचारलं.

"ते आता इथे नसतात, मॅडम. तुमची अडचण सांगा."